स्वभाव आणि व्यवसायाची आवड: बिग फाइव्ह आणि हॉलंड कोड शेजारी ठेवून कसे वाचायचे?

तिरकीरेघ

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत दोन प्रकारचे अहवाल दिसायला लागतात. एकात स्वभावाचे पाच आकडे असतात, दुसऱ्यात आवडीचे सहा. मग एकावरून दुसरं ठरवायचा सपाटा सुरू होतो. पोरगी अबोल आहे, मार्केटिंग नको. पोरगा नीटनेटका आहे, सीए करू दे. या निष्कर्षांना संशोधनात कितपत आधार आहे आणि दोन्ही अहवाल हातात असतील तर ते कसे वाचावेत, एवढ्यापुरताच हा धागा. "माझ्या भाच्याचं काय झालं" याला दुसरे धागे आहेत.

आधी मांडणी. आवडींचे सहा प्रकार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांचे. सिद्धांत १९५९चा, षटकोन १९६९चा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'रियासेक' म्हणतात, आणि सगळ्यात जास्त गुणांच्या तीन प्रकारांची अक्षरं मिळून हॉलंड कोड होतो:

वास्तववादी (यंत्र, अवजारं, शेत, बांधकाम), अन्वेषक (प्रयोग, विश्लेषण, 'असं का'), कलात्मक (लेखन, संगीत, डिझाइन), सामाजिक (शिकवणं, शुश्रूषा, समुपदेशन), उद्यमी (विक्री, नेतृत्व, धंदा उभा करणं), पारंपरिक (हिशेब, नोंदी, नियमानुसार चालणारं काम).

षटकोनावर ते याच क्रमाने बसतात. शेजारचे प्रकार एकमेकांशी जास्त मिळतेजुळते, समोरासमोरचे सगळ्यात कमी. वास्तववादीच्या समोर सामाजिक, अन्वेषकच्या समोर उद्यमी, कलात्मकच्या समोर पारंपरिक.

स्वभावाचे पाच गुण, म्हणजेच बिग फाइव्ह: खुलेपणा (नव्या कल्पना, कला यांची ओढ), कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द, भावनिक अस्थिरता.

हॉलंडचं स्वतःचं म्हणणं असं की आवड म्हणजे व्यक्तिमत्त्वच, कामाच्या अंगाने व्यक्त झालेलं. हे खरं असतं तर पाच आणि सहा यांच्यात दणदणीत सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने चालतात त्याचं माप; ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) दिसले असते. लार्सन, रॉटिंगहाउस आणि बोर्गन यांनी २००२ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. तीस संभाव्य जोड्यांपैकी दखल घ्यावी अशा पाचच निघाल्या:

कलात्मक–खुलेपणा ०.४८
उद्यमी–बहिर्मुखता ०.४१
सामाजिक–बहिर्मुखता ०.३१
अन्वेषक–खुलेपणा ०.२८
सामाजिक–सौहार्द ०.१९

वर्षभराने बॅरिक, माउंट आणि गुप्ता यांचा वेगळा आढावा आला. त्यातही याच यादीतल्या पहिल्या दोन जोड्या सगळ्यात ठळक होत्या, ०.३९ आणि ०.४१.

वास्तववादी प्रकार या यादीत नाहीच, भावनिक अस्थिरताही नाही. माझ्या मते या यादीत काय नाही हे जास्त बोलकं आहे. जाणकारांनी भर घालावी.

---

पायथागोरसचा_शेजारी

चांगला विषय. आकडे दिलेच आहेत तर ते समुपदेशनाच्या टेबलावर कसे दिसतात तेही पाहू.

सहसंबंध ०.४१ ऐकून लोकांना वाटतं की ४१ टक्के वेळा अंदाज बरोबर येतो. तसं नसतं. वर्ग केला की ०.१७, म्हणजे लोकांच्या उद्यमी आवडीत जो फरक दिसतो त्यातला १७ टक्के भाग बहिर्मुखतेशी जोडता येतो. कलात्मक–खुलेपणाचा २३ टक्के. बाकीचा भाग मोकळाच.

हे पालकांना सांगायला अवघड जातं, म्हणून मी दुसरी मांडणी सुचवेन. दोन्ही गुण नेहमीच्या घंटाकृती पद्धतीने पसरलेले धरले, तर बहिर्मुखतेत वरच्या निम्म्यात असलेल्या १०० मुलांपैकी साधारण ६३ उद्यमी आवडीतही वरच्या निम्म्यात येतील. काहीच संबंध नसता तर ५० आली असती. याच हिशेबाने ०.४८ला ६६, ०.३१ला ६०, ०.२८ला ५९ आणि ०.१९ला ५६.

आता "अबोल आहे, मार्केटिंग नको" तपासा. खालच्या निम्म्यातल्या १०० अबोल मुलांतही ३७ जणांची उद्यमी आवड सरासरीच्या वर निघते. त्या ३७ जणांना प्रश्न न विचारताच बाद करायचं?

---

खडूचा_डाग

वास्तववादी प्रकाराचं गूढ फारसं नाही. बिग फाइव्ह ज्या विशेषणांतून निघालं ती माणसं एकमेकांचं वर्णन करायला वापरतात: बोलका, प्रेमळ, चिडका, टापटीप. लोखंड, लाकूड, माती, इंजिन यांच्याशी असलेल्या नात्याचं वर्णन त्यात जवळपास नाहीच. त्यामुळे फिटर होण्याची आवड असलेला मुलगा पाचही गुणांवर कुठेही असू शकतो. स्वभावाच्या अहवालावरून "याला आयटीआय झेपेल" किंवा "नको" असं म्हणणाऱ्याला सरळ विचारावं, कुठल्या आकड्यावरून?

कर्तव्यदक्षतेचंही तसंच. नीटनेटकेपणा आणि हिशेबाची आवड यांचा दुवा आहे, पण कमकुवत, आणि वरच्या पाचांत तो बसला नाही. हा गुण कुठलंही काम किती नेटाने होईल ते सांगतो. बॅरिक-माउंट यांच्या १९९१च्या प्रसिद्ध आढाव्यात तो सगळ्या व्यवसायगटांत कामगिरीशी जोडलेला निघाला. विक्रेता, पोलीस, व्यवस्थापक, कुशल कामगार, सगळीकडे. जो गुण सगळीकडे उपयोगी, तो दिशा कशी दाखवणार? टापटीप मुलगा टापटीप सुतारही होतो.

---

मंद्रसप्तक

पाच मोठ्या गुणांवर थांबू नका, उपगुण बघा. बहिर्मुखता दोन ठिकाणी येते, उद्यमी आणि सामाजिक, पण दोन्हीकडे तिचा वेगवेगळा भाग काम करतो. उद्यमीकडे ठामपणा: गटात सूत्रं हातात घेणं, स्वतःचं म्हणणं रेटणं. सामाजिककडे आपुलकी: माणसांशी पटकन जवळीक होणं. खुलेपणाचंही तसंच. सौंदर्यदृष्टीचा उपगुण कलात्मक आवडीकडे झुकतो, कल्पना-विचारांत रमण्याचा अन्वेषककडे.

म्हणून नुसतं "खुलेपणा जास्त" एवढंच लिहिलेला अहवाल अर्धवट. बिग फाइव्ह मोजणारी, १२० विधानांची, उपगुणांसकट येणारी आयपिप-निओ चाचणी मोफत आहे. वेळ असेल तर ५० विधानांच्या छोटीऐवजी तीच द्यावी.

---

गावठी_गिनिपिग

वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्याकडे सगळे एमबीटीआयचे (माणसांना सोळा प्रकारांत बसवणारी स्वभावचाचणी) चार अक्षरी कोड घेऊन येतात. तो हॉलंड कोडला जोडता येतो का?

---

मंद्रसप्तक

@गावठी_गिनिपिग, ओढूनताणून. मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ मध्ये दाखवलं की एमबीटीआयच्या चार जोड्या बिग फाइव्हच्या चार गुणांशी जुळतात: बहिर्मुखता, खुलेपणा, सौहार्द, कर्तव्यदक्षता. भावनिक अस्थिरता त्यात मोजलीच जात नाही. म्हणजे माहिती तीच, वर ती मधोमध कापून दोन डब्यांत टाकलेली. बहुतेक माणसं मध्याच्या आसपास असतात, त्यामुळे एक-दोन उत्तरं बदलली की अक्षर बदलतं. शिवाय ही चाचणी नोकरभरतीच्या निवडीसाठी वापरू नये, असं तिची प्रकाशक कंपनी स्वतःच सांगते. मुलाने आणलेला कोड गप्पांच्या सुरुवातीला चालेल. नोंदवहीत लिहू नका.

---

कोरा_कागद

इथपर्यंत आकडेमोड झाली, आता प्रत्यक्ष चाचणी घ्यायची पद्धत लिहिते, कारण निम्म्या चुका तिथेच होतात.

आवडीसाठी अमेरिकी श्रम खात्याचा ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर मोफत आहे. छोट्या आवृत्तीत ६० कामं, प्रत्येक प्रकाराची १०. प्रत्येक कामासमोर पाच पर्याय, 'अजिबात आवडणार नाही'ला ० आणि 'खूप आवडेल'ला ४. म्हणजे प्रत्येक प्रकाराला ० ते ४० गुण.

मधला पर्याय 'सांगता येत नाही', त्याला २. खरी मेख इथे आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेतली दहाही कामं माहीतच नसतील तर तो सगळीकडे मधला पर्याय टाकतो आणि अन्वेषकला २० गुण होतात. दुसऱ्या मुलाला पाच कामं मनापासून आवडली आणि पाच मुळीच नाहीत, त्याचेही २०. आकडा एकच, मुलं दोन टोकांची. म्हणून गुणांशेजारी दुसरा रकाना करा आणि प्रत्येक प्रकारात 'सांगता येत नाही' किती वेळा आलं ते मोजून लिहा. दहापैकी पाच किंवा जास्त असतील तर त्या प्रकाराचा आकडा वाचूच नका, "अजून ओळख नाही" असं लिहा. मग ती कामं दाखवायची, व्हिडिओवर किंवा प्रत्यक्ष, आणि फक्त ती दहा विधानं पुन्हा भरून घ्यायची.

सुरुवातीलाच बजावायचं: पगार किती, शिक्षण किती लागतं, जमेल की नाही, याचा विचार न करता भरायचं. हे चाचणीच्या सूचनांतही आहे, पण वाचतो कोण.

आई-वडील खोलीबाहेर. शेजारी बसले तर वास्तववादी पडतं आणि अन्वेषक चढतं. चाचणीत 'विटा किंवा लादी बसवणे' असं काम आहे. आपल्याकडे मूल तिथे आवड सांगत नाही, प्रतिष्ठा सांगतं. अशा वेळी 'घरातल्या न्हाणीघराची लादी स्वतः बसवून बघायला आवडेल का' असं तोंडी विचारलं तर कित्येकदा उत्तर फिरतं. चाचणीतला गुण मात्र बदलायचा नाही, शेजारी शेरा लिहायचा.

स्वभावासाठी आयपिपची ५० विधानं, प्रत्येक गुणाची १०, उत्तर १ ते ५, म्हणजे प्रत्येक गुणाला १० ते ५०. यातली २४ विधानं उलटी असतात. 'मी मागे मागे राहते' हे बहिर्मुखतेचं उलटं विधान, तिथे ६ मधून उत्तर वजा करायचं. भावनिक गुण इथे 'स्थैर्य' या बाजूने मोजतात आणि त्याची दहापैकी आठ विधानं उलटी. उलटवायला विसरलात की चिंतातुर मूल थंड डोक्याचं ठरतं. पाचही गुण ३०च्या आसपास घुटमळताना दिसले की आधी एक्सेलचं सूत्र तपासा, मग मुलाबद्दल बोला.

दोन्ही चाचण्या एकाच बैठकीत घेऊ नयेत. आधी आवड, दुसऱ्या दिवशी स्वभाव.

---

तिरकीरेघ

कोरा_कागद, 'सांगता येत नाही' मोजायची सूचना फार कामाची. तीन अक्षरी कोड कसा काढायचा तेही लिहाल का? तिथे फार गोंधळ पाहिलाय.

---

कोरा_कागद

समजा गुण असे आले: वास्तववादी २२, अन्वेषक ३१, कलात्मक २९, सामाजिक ३०, उद्यमी १४, पारंपरिक १२.

संगणक 'अन्वेषक–सामाजिक–कलात्मक' छापेल आणि पालक तो क्रम पाठ करतील. पण वरच्या तिघांत फक्त दोन गुणांचा फरक आहे. पुढच्या आठवड्यात हाच क्रम उलटा येऊ शकतो. हॉलंडच्या स्वतःच्या 'सेल्फ-डायरेक्टेड सर्च' चाचणीत आठचा नियम आहे: दोन प्रकारांत आठपेक्षा कमी फरक असेल तर तो फरक मानायचा नाही. ती चाचणी वेगळ्या मापाची, त्यामुळे आठ हा आकडा इथे जसाच्या तसा चालणार नाही, पण विचार तोच. अशा वेळी तीन अक्षरांचे सहाही क्रम लिहून सहाही यादींतले व्यवसाय शोधायचे.

खात्रीने सांगता येतं ते वेगळंच: वरचे तीन आणि खालचे दोन यांच्यात १५ गुणांची दरी आहे. विक्री आणि हिशेबाची कामं बाजूला ठेवायला हा भक्कम पुरावा. 'काय नको' हे नेहमीच 'काय हवं'पेक्षा लवकर ठरतं.

आता या मुलीचा स्वभाव शेजारी ठेवा: खुलेपणा ४२, कर्तव्यदक्षता २४, बहिर्मुखता १९, सौहार्द ४०, भावनिक स्थैर्य २६. पुष्कळ समुपदेशक इथे अडखळतात, "सामाजिक आवड ३० आणि बहिर्मुखता १९, चाचणी चुकली." चुकलेली नाही. ०.३१चा सहसंबंध अशी मुलं भरपूर निर्माण करतो. माणसांना मदत करायची ओढ आहे, पण गर्दी नको. मग सामाजिक क्षेत्रातल्याच, एका वेळी एकाच माणसाबरोबर करायच्या कामांकडे बघायचं: वाचा-उपचार, विशेष शिक्षण, समुपदेशन, फिजिओथेरपी. साठ मुलांचा वर्ग सांभाळायचा असेल तर दिवसाअखेर ती रिकामी होईल, हे बोलून ठेवायचं, दार मात्र बंद करायचं नाही.

कर्तव्यदक्षता २४ वर क्षेत्र ठरवू नका. अभ्यासक्रमाचा प्रकार ठरवताना वापरा. दूरशिक्षण, घरी बसून करायची तीन-चार वर्षांची तयारी, असं बाहेरून चौकट नसलेलं काही घेण्यापेक्षा प्रॅक्टिकलं आणि हजेरी असलेला अभ्यासक्रम बरा.

---

पायथागोरसचा_शेजारी

मुलींचा विषय निघालाच आहे तर एक धोका. सू, राउंड्स आणि आर्मस्ट्राँग यांच्या २००९च्या आढाव्यात पाच लाखांहून जास्त लोकांची माहिती होती. 'वस्तू की माणसं' या अक्षावर स्त्री-पुरुषांच्या सरासरीत ०.९३ प्रमाणविचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) फरक निघाला. मानसशास्त्रात हा मोठा फरक. त्यातून लोक "मुलींना यंत्रात रस नसतो" इथे येतात. पण ०.९३ला दोन्ही वक्र जवळपास ६४ टक्के एकमेकांवर चढलेले असतात.

व्यवहारात दोन सूचना. अहवालात शतमान (पर्सेंटाइल) असेल तर ते मुलींच्या गटाशी तुलना करून काढलंय की सगळ्यांशी, हे आधी विचारा. तोच कच्चा गुण एकात बरंच वरचं शतमान देईल, दुसऱ्यात खालचं. आणि एकाच मुलीच्या सहा गुणांची आपसात तुलना कच्च्या गुणांवर करा, ती सगळ्यात सुरक्षित.

---

निवांत_नाना

सगळं वाचलं. पण हे सारं अमेरिकेतलं. आपल्याकडे व्यवसाय कोण निवडतं? बाप, बँकेचं कर्ज आणि सीईटीचा पर्सेंटाइल. मग हा षटकोन कशाला?

---

खडूचा_डाग

नाना, आक्षेप रास्त आहे आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. राउंड्स आणि ट्रेसी यांनी १९९६ मध्ये वेगवेगळ्या देशांतली माहिती तपासली, तेव्हा सहा प्रकारांची वर्तुळाकार रचना अमेरिकेत जितकी चपखल बसते तितकी बाहेर बसली नाही. भारतातल्या नोकरदारांवरचा लिआँग आणि सहकाऱ्यांचा १९९८चा अभ्यास आहे. त्यात आवड आणि काम जुळलं म्हणून समाधान जास्त, असं आढळलं नाही.

तरीही चाचणी फेकून द्यावी असं मी म्हणणार नाही, कारण समाधान हा मुळातच तिचा कमकुवत मुद्दा आहे. हॉफ आणि सहकाऱ्यांच्या २०२०च्या आढाव्यात आवडीची जुळणी आणि समाधान यांचा सहसंबंध जेमतेम ०.१९ होता. कामगिरीशी मात्र नाय आणि सहकाऱ्यांना २०१२ मध्ये ०.३६ मिळाला. म्हणजे आवडीचं काम माणसाला सुखी करेलच असं नाही, पण ते तो नेटाने आणि बऱ्यापैकी चांगलं करण्याची शक्यता वाढते. पालकांना हे सांगितलं की ते जास्त लक्ष देऊन ऐकतात, असो.

आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीची कलचाचणी झाली. तिथे क्षेत्रं होती: कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा. ही क्षेत्रं आहेत, हॉलंडचे प्रकार नव्हेत, आणि दोन्हींची गल्लत करू नये. 'कृषी' आलं म्हणून काय समजायचं? द्राक्षबागेची छाटणी करणं वास्तववादी काम. माती-पाणी परीक्षणाची प्रयोगशाळा अन्वेषक. शेतकरी उत्पादक कंपनी उभी करून निर्यातीचे सौदे करणं उद्यमी. गावोगाव जाऊन ठिबकचं प्रशिक्षण देणं सामाजिक. एका क्षेत्रात चार प्रकारची माणसं सुखाने मावतात. म्हणून क्षेत्र कळलं की पुढचा प्रश्न "त्यात दिवसभर हाताने काय करायचंय?" हा विचारावा.

'गणवेशधारी सेवा' तर याहून फसवी. गणवेश हा आवडीचा प्रकार होऊ शकत नाही. लष्करातला वाहन-दुरुस्ती करणारा आणि पोलीस ठाण्यात रोज माणसांशी बोलणारा, दोघांच्या अंगात खाकी-हिरवं असलं तरी कामं षटकोनाच्या दोन टोकांना. स्पर्धा परीक्षांचंही हेच. तलाठ्याचं निम्मं काम नोंदी आणि उतारे, म्हणजे पारंपरिक. 'एमपीएससी करायचंय' ही आवड नव्हे, परीक्षेचं नाव आहे.

---

गावठी_गिनिपिग

शेवटची शंका. दहावीत घेतलेली चाचणी बारावीपर्यंत टिकते का? का तोवर सगळं बदलतं?

---

मंद्रसप्तक

बऱ्यापैकी टिकते, आणि गंमत म्हणजे त्या वयात आवड स्वभावापेक्षा जास्त टिकते. लो, यून, रॉबर्ट्स आणि राउंड्स यांनी २००५ मध्ये १२ ते ४० वयापर्यंतचे अभ्यास एकत्र केले. शाळेच्या वयात स्थैर्य मध्यम, १८ ते २२ या काळात ते एकदम वाढतं आणि पुढे जवळपास तसंच राहतं. स्वभावाचं स्थैर्य (दोन वेळच्या गुणांतला सहसंबंध) मात्र हळूहळू चढतं: रॉबर्ट्स-डेलव्हेकिओ यांच्या २०००च्या आढाव्यात कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४.

म्हणून सोळाव्या वर्षीची कर्तव्यदक्षता २४ ही कायमची पाटी समजू नका. आवडीची चाचणी अकरावीच्या शेवटी पुन्हा घ्या, प्रवेशअर्ज भरण्याच्या घाईत नको. दोन्ही वेळचे सहा-सहा गुण एकाखाली एक लिहा. वरचे दोन आणि खालचे दोन तेच राहिले असतील तर कोडमधल्या अक्षरांची अदलाबदल झाली तरी काळजी नको. तळाचा प्रकार एकदम वर आला असेल तर मधल्या वर्षात 'सांगता येत नाही' किती कमी झालं ते आधी बघा. बहुतेक वेळा आवड बदललेली नसते, त्या कामाची ओळख नव्याने झालेली असते.

---

कोरा_कागद

आणि पहिल्या वेळचा कागद दुसऱ्या वेळी मुलाला आधी दाखवू नका. तो जुना कोड आठवून तसंच भरतो.